आरोग्य प्रश्नोत्तरे : छातीच्या आजारानंतर पुन्हा पाण्यात कधी उतरावे?

प्रश्न : माझे वय 54 आहे. गेली काही वर्षे मी रोज सकाळी जलतरण तलावावर पोहायला जातो. गेल्या महिन्यात ताप आणि खोकला झाला, एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया निघाला. गोळ्यांचा कोर्स पूर्ण होऊन आता ताप नाही, मात्र सकाळी उठल्यावर थोडा कफ पडतो. तलावावरील मित्र म्हणतात की पोहल्याने छाती लवकर मोकळी होते. घरी मात्र उन्हाळा संपेपर्यंत थांबा असा आग्रह आहे. आमच्या डॉक्टरांनी ‘बरे वाटले की जा’ एवढेच सांगितले. नेमके कधी जावे?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आपल्या डॉक्टरांचे म्हणणे चुकीचे नाही, पण ‘बरे वाटणे’ जमिनीवरचे की पाण्यातले, हे त्यातून स्पष्ट होत नाही, आणि आपल्या प्रश्नाचे मर्म तिथेच आहे. गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहिले की पाण्याचा दाब पोटावर आणि बरगड्यांवर येतो, पायांतले आणि पोटातले अर्ध्या लिटरहून अधिक रक्त छातीकडे सरकते, फुप्फुसांना फुलायला जागा कमी पडते आणि हातपाय हलवण्यापूर्वीच श्वास घेण्याचे कष्ट वाढलेले असतात. त्यातच चालताना दम लागला तर माणूस कठड्यावर टेकतो आणि पाहिजे तेव्हा श्वास घेतो. फ्रीस्टाइल पोहताना मात्र श्वास हाताच्या फेकीच्या तालावरच घ्यावा लागतो, आणि नेमक्या त्या क्षणी खोकल्याची उबळ आली तर हवेऐवजी पाणी आत जाते. म्हणून काँग्रेस रोडवर तासभर विनासायास चालणारा माणूस तलावातल्या दुसऱ्याच फेरीत कासावीस होऊ शकतो.

दिवस मोजायचेच असतील तर ते आजारी पडल्यापासून न मोजता, पॅरासिटामॉल न घेता ताप गेला त्या दिवसापासून मोजावेत. साधी सर्दी आणि घसादुखी असेल, ताप नसेल आणि छातीत काही नसेल, तर आठवडाभरात हलके पोहायला सहसा हरकत नसते. न्यूमोनियाचे गणित निराळे आहे. उपचार सुरू झाल्यापासून ताप साधारण आठवड्यात जातो, छातीतले दुखणे आणि कफ कमी व्हायला सुमारे 4 आठवडे लागतात, खोकला आणि धाप बऱ्यापैकी उतरायला 6 आठवडे, आणि थकवा तर 3 महिनेही रेंगाळतो. हा बऱ्याच रुग्णांचा सर्वसाधारण अनुभव आहे. आपले शरीर त्याच वेळापत्रकाने चालेल असे नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांनी, आणि धूम्रपान करणाऱ्यांनी तर नक्कीच, सुमारे 6 आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढून सावट विरले की नाही ते पाहावे, असे मी सुचवेन. तलावाचा पास नव्याने काढण्याआधी हे काम उरकावे.

तोवर जमिनीवर परीक्षा घ्यावी. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीची नाडी आपल्या नेहमीच्या ठोक्यांपेक्षा मिनिटाला दहाने किंवा त्याहून जास्त असेल, तर शरीर अजून आजाराशी झुंजते आहे असे धरावे. 2020-21 च्या साथीत घेतलेला ऑक्सिमीटर बहुतेक घरांत कपाटात पडून आहे, तो बाहेर काढावा. बसून एकदा ऑक्सिजनचा आकडा पाहावा, मग घरातच सपाट जमिनीवर 6 मिनिटे सलग चालावे आणि पुन्हा पाहावा. आकडा 94 च्या खाली गेला, किंवा 3 टक्क्यांहून अधिक उतरला, तर पोहण्याचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटावे. बोट गार असेल किंवा बॅटरी उतरलेली असेल तर हे यंत्र भलताच आकडा दाखवते, त्यामुळे घाबरण्याआधी हात चोळून पुन्हा मोजावे. हे ठीक असेल, न थांबता दोन मजले चढून गेल्यावर एक पूर्ण वाक्य सलग बोलता येत असेल, आणि छातीत दुखणे, धडधड किंवा चक्कर यांपैकी काही नसेल, तरच पुढे जावे. धडधड आणि छातीतले दुखणे यांचा मुद्दाम उल्लेख करतो, कारण विषाणूच्या तापात क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि अशा वेळी दमवणारा व्यायाम घातक ठरू शकतो. अशा रुग्णाला कित्येक महिने व्यायाम बंद ठेवावा लागतो, आणि तो निर्णय ईसीजी व इतर तपासण्या पाहून हृदयरोगतज्ज्ञच घेतात.

आता मित्रांच्या सल्ल्याविषयी. दमट हवेत श्वास घेतल्याने कफ सुटतो हे खरे आहे, पण ते काम घरी गरम पाण्याची वाफ घेऊनही होते. तलावावरची हवा नुसती दमट नसते. पाण्यातल्या क्लोरीनचा घाम, लघवी आणि अंगावरच्या मळाशी संयोग झाला की क्लोरामाइन नावाची रसायने तयार होतात, आणि त्यांतला उडणारा भाग नेमका पाण्याच्या पृष्ठभागालगत, म्हणजे पोहणारा जिथे तोंड वळवून श्वास घेतो तिथेच साचतो. तलावाच्या दारातच नाकाला झोंबणारा वास आला की पाणी स्वच्छ आहे असे पुष्कळ जण समजतात. खरे तर पाण्यात घाण जास्त मिसळली असल्याची ती खूण असते. नुकत्याच बऱ्या होणाऱ्या श्वासनलिका या वायूने चटकन चिडतात. त्यामुळे पहिले काही आठवडे छताखालच्या तलावापेक्षा उघड्यावरचा तलाव बरा, आणि बेळगावची पहाटेची गार हवा टाळून थोडे ऊन वर आल्यावर गेलेले चांगले.

पहिल्या दिवशी नेहमीच्या अंतराचा चौथा हिस्सा पुरे. उभे राहता येईल अशा उथळ बाजूला, डोके वर ठेवून ब्रेस्टस्ट्रोकने, प्रत्येक फेरीनंतर काठ धरून पोहावे. सूर मारणे आणि पाण्याखाली श्वास कोंडून धरणे पूर्ण वर्ज्य. त्या दिवशी पाण्यात कसे वाटले यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी कफ वाढला का, नाडी चढली का, हे अधिक महत्त्वाचे. काही वाढले नसेल तर दर दोन-तीन दिवसांनी थोडे अंतर वाढवावे. वाढले असेल तर आठवडाभर केवळ चालण्यावर यावे. आणि बरोबर कोणी असल्याशिवाय जाऊ नये. घरच्यांचे उन्हाळाभर थांबण्याचे म्हणणे मला जास्तीचे वाटते, पण पहिल्या दिवशी त्यांच्यापैकी कोणाला काठावर बसवले तर दोन्ही पक्षांचे समाधान होईल.

प्रश्न : आमचे गाव निपाणीजवळ आहे. सुट्टीत घरात चुलत-मावस भावंडे जमली आहेत आणि सगळी पोरे दिवसभर विहिरीवर असतात. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाचा ताप जाऊन चार दिवस झाले, पण रात्री खोकला येतो. लहानपणी त्याला दम्याचा पंप द्यावा लागत असे. सासूबाई म्हणतात, विहिरीच्या पाण्याने सर्दी छातीत उतरते. मुलगा ऐकत नाही. काय करावे?
— एक आई

उत्तर : सासूबाईंनी सांगितलेले कारण बरोबर नाही, पण त्यांचा निर्णय बरोबर आहे. गार पाण्यामुळे विषाणू होत नाहीत. मात्र दम्याचा इतिहास असलेल्या मुलाच्या श्वासनलिका तापानंतर कित्येक आठवडे हळव्या राहतात, आणि रात्रीचा खोकला हे त्या अजून आकसत असल्याचे लक्षण असू शकते. अशा मुलाने अचानक गार पाण्यात उडी घेतली की श्वास एकदम आत ओढला जातो, मग धाप लागते, आणि विहिरीला ना उथळ बाजू असते ना धरायला सगळीकडे काठ. पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधला तर मूल तरंगते, पण दम्याची उबळ त्याने थांबत नाही. सर्दीने कान बंद असतील तर काठावरून मुटका मारल्यावर खोलातल्या दाबाने कानाचा पडदा दुखावतो, तेही लक्षात घ्यावे.

आधी त्याला मुलांच्या डॉक्टरांकडे न्यावे आणि पंप पुन्हा सुरू करायचा का, हे विचारावे. जुना पंप घरात असेल तर त्यावरची मुदत पाहावी. खोकल्याशिवाय सलग आठवडाभर रात्री शांत झोप लागली, आणि अंगणात भावंडांबरोबर पळापळी करून तो खोकला नाही, की मग पोहण्याचे बघावे. तेव्हाही पायऱ्यांच्या विहिरीत, पोहता येणाऱ्या मोठ्या माणसासोबत, पायऱ्यांजवळच. घरात तंबाखूचे काम असेल तर ती धूळ झटकण्याच्या वेळी मुलाला दूर ठेवावे; या आजारात ती पाण्याइतकीच त्रास देते. इतर पोरे पोहत असताना त्याला घरात बसवणे अवघड आहे हे मी जाणतो, म्हणून त्याला काठावर कपडे आणि वेळ सांभाळण्याचे काम द्यावे, पण त्याच्यावर लक्ष ठेवणारे मोठे माणूस तिथे हवेच.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात राहतो, वय 23. मलप्रभेत पोहण्याचा सराव करतो. तीन आठवड्यांपासून खोकला आहे, संध्याकाळी अंग कोमट होते, वजनही उतरले आहे. सराव बुडू नये म्हणून कोणते सिरप घ्यावे?

उत्तर : कोणतेही नाही. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, संध्याकाळचा ताप आणि वजन उतरणे ही लक्षणे एकत्र असताना क्षयरोगाची शंका आधी दूर केली पाहिजे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन थुंकीची तपासणी करून घ्यावी; ती सरकारी केंद्रात मोफत होते आणि निदान झाले तर औषधेही मोफत मिळतात. सकाळी उठल्यावर खोल खोकून काढलेला बेडका तपासणीला द्यावा, नुसती लाळ देऊ नये. अहवाल येईपर्यंत सराव बंद ठेवावा, खोकताना तोंडावर रुमाल धरावा आणि झोपण्याच्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. अहवाल हाती आल्यावर तो डॉक्टरांना दाखवून सरावाविषयी त्यांनाच विचारावे.