लाकडी प्रोपेलर पहिल्यांदाच करताय?

घरात सागवान पडलंय म्हणून ते वापरू नका. त्यातल्या तेलामुळे जोड नीट धरत नाही. सरळ रेषांचं, बिनगाठीचं मेपल किंवा बर्च घ्या, एकावर एक चिकटवायच्या फळ्या साधारण 20 मिमीच्या. नाशिकच्या पावसाळ्यात लाकूड ओल ओढतं, म्हणून चिकटवायचं काम मार्च-एप्रिलमध्ये काढा. मीटरवर ओल 8 ते 12 टक्के हवी. इपॉक्सी (रेझिनचा गोंद) लावल्यावर क्लॅम्प करकचून आवळू नका, रेझिन पिळून बाहेर येतं आणि जोड कोरडा राहतो. कडेला मण्यांसारखे बारीक थेंब दिसले की थांबा.

पात्याचा कोन नजरेने नाही, हिशेबाने काढा. 1000 मिमी पिचला (पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रोपेलर हिशेबाने जितका पुढे जाईल ते अंतर) मध्यापासून 500 मिमीवर 17.7 अंश, 750 मिमीवर 12. दर 15 सेंमीला पत्र्याचं टेम्प्लेट लावूनच तासा.

बॅलन्स सगळे आडवा बघतात, उभा विसरतात. पातं उभं ठेवून सोडल्यावर एका बाजूला कलंडलं, तर हबची, म्हणजे मधल्या जाड भागाची, ती बाजू जड आहे.

आणि हबचे बोल्ट, हे अगदी कळकळीने सांगतो. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, बोल्ट सैल पडतात, मग फ्लँजखाली (प्रोपेलर ज्या धातूच्या चकतीला आवळतात तिच्याखाली) लाकूड घासून काळं पडतं, जळतंसुद्धा. पहिल्या उड्डाणानंतर, पुढे दर 25 तासांनी आणि पावसाळा सरल्यावर टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना) लावाच.