वाचक विचारतात : पणजोबांचा माग जुन्या दप्तरात

प्रश्न : आमचे पणजोबा हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात शेती करायचे. नाव माहीत आहे, साल कुणालाच सांगता येत नाही. शोध कुठून सुरू करावा?

उत्तर : पणजोबांपासून नको, आजच्या सातबाऱ्यापासून सुरू करा. तुमच्या किंवा चुलत घराण्याच्या नावे जी जमीन आहे, तिच्या सातबाऱ्यावर वर्तुळात किंवा कंसात आकडे दिसतील. ते फेरफार क्रमांक, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे क्रमांक. एकेक क्रमांक तलाठ्याकडे नेऊन त्याची नक्कल काढा. वारसाच्या फेरफारात मयताचं नाव, मृत्यूची तारीख, वारस आणि त्यांचं नातं असं सगळं असतं. म्हणजे एका कागदात एक पिढी मागे जाता येते. असं करत करत तुम्ही 1954-55च्या अधिकार अभिलेखापर्यंत, म्हणजे कोणत्या शेतावर कुणाचा हक्क हे सांगणाऱ्या जुन्या दप्तरापर्यंत पोचाल. तो तहसीलच्या अभिलेख कक्षात किंवा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. काही तालुक्यांचे जुने कागद ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरही आले आहेत. फेरी मारण्याआधी तिथे बघून घ्या.

त्याच्याही मागे जायचं तर तुमचा जिल्हा कोणत्या अंमलाखाली होता हे आधी पक्कं करा. घोटाळा बहुतेक इथेच होतो. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) हा भाग भोसल्यांचा. तिथे इंग्रजांनी मालगुजारी पद्धत ठेवली, म्हणजे गावचा सारा मालगुजार गोळा करून सरकारात भरायचा, आणि ती 31 मार्च 1951ला संपली. अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ हा वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला आणि तिथे रयतवारी बसली, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारात भरायचा. म्हणून वर्ध्याकडच्या माणसाने बंदोबस्ताची मिसल (सारा ठरवतानाचं गावाचं दप्तर), खसरा (शेतवार नोंदवही) आणि जमाबंदी (कुणाकडून किती सारा याची यादी) मागावी. अकोल्याच्या माणसाने मालगुजाराची जमाबंदी मागितली तर ‘असं काही नाही’ हेच उत्तर मिळणार, आणि ते खरंच असतं.

मालगुजारी गावच्या कागदावर नोंद साधारण अशी दिसते : ‘गणपत वल्द तुकाराम, कौम कुणबी, सा. देह, मौरूसी’. ‘गणपत वल्द तुकाराम’ म्हणजे तुकारामचा मुलगा गणपत. कौम म्हणजे जात. सा. देह म्हणजे साकीन देह, त्याच गावचा रहिवासी. तिथे दुसऱ्या मौजाचं नाव असेल तर घराणं तिकडून आलं असावं, पुढचा शोध त्या गावी करा. मौरूसी म्हणजे वारसाहक्क असलेलं कूळ. मालगुजाराची स्वतःची वहिती ‘सीर’ किंवा ‘खुदकाश्त’ लिहिलेली असते. आडनाव बहुधा नसतंच. त्यामुळे नुसतं ‘गणपत’ जुळलं म्हणून तो आपला पणजोबा धरू नका. एका गावात तीन-तीन गणपत असायचे. बापाचं नाव, शेताचा नंबर आणि पुढच्या फेरफारातले वारस ही तिन्ही जुळली तरच दुवा पक्का.

शेताचे नंबरही बदललेले असतात. जिथे जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण होऊन गट पडले, तिथे आजचा गट नंबर जुन्या कागदावर सापडणारच नाही. जुना आणि नवा नंबर जुळवण्याचा तक्ता भूमी अभिलेख कार्यालयातून आधी घ्या, मग खसरा उघडा.

प्रश्न : जमीन कधीच नव्हती, आजा मजुरी करायचा. मग आमचा कागद कुठे?

उत्तर : कोतवाल बुकात. नागपूर भागात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर द्यायचा, वऱ्हाडात ते काम पोलीस पाटलाकडे होतं. या वह्या आता तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. नोंद शेतकऱ्याची असो की मजुराची, सारखीच व्हायची. भूमिहीन घराण्यासाठी इतका जुना आणि इतका मोलाचा कागद दुसरा क्वचितच असेल.

पण ती वाचायची रीत आहे. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं, फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि बापाचं नाव. म्हणून आजोबांच्या नावाने शोधून काही हाती लागत नाही, पणजोबांच्या नावाने शोधा. त्यांच्या सगळ्या मुलांच्या नोंदी क्रमाने एका कागदावर उतरवा. आजोबा कितवे होते हे घरात कुणाला आठवत असेल तर त्यांची नोंद त्यातून ओळखता येते. कोतवालाला बहुधा लिहिता येत नसे, दुसरा कुणी लिहून द्यायचा. त्यामुळे ‘सखाराम’चा ‘सका’, ‘लक्ष्मण’चा ‘लखमन’ होतो. उच्चारावरून वाचा, शुद्धलेखनावरून नको.

1918च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं मुद्दाम बघा. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत एकेका घरातली दोन-तीन माणसं आठवड्याभरात गेलेली दिसतात, कारणाच्या रकान्यात नुसतं ‘ताप’. आजा मामाकडे का वाढला याचं उत्तर कधी कधी त्याच पानावर असतं.

त्यानंतर जिल्हा परिषद शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर बघा. त्यात बापाचं नाव, जात, गाव, आधीची शाळा असते. मात्र 1 जुलै ही जन्मतारीख दिसली तर तिच्यावर भरवसा ठेवू नका. गुरुजी अंदाजाने वय धरून तीच तारीख टाकत. नोंद जातपडताळणीसाठी हवी असेल तर मोबाइलवरचा फोटो चालणार नाही, प्रमाणित प्रतच घ्या. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967, अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 आणि अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950च्या आधीची नोंद लागते. वहीत कुणालाही पेन लावू देऊ नका. शाई वेगळी दिसली की जातपडताळणी समितीचं दक्षता पथक अख्खी नोंद बाद ठरवू शकतं, मग खरा पुरावाही हातचा जातो.

प्रश्न : आजीचं माहेर कसं शोधावं? तिचं माहेरचं नावही घरात कुणाला ठाऊक नाही.

उत्तर : हा सगळ्यांत अवघड शोध, आणि तो बहुधा अर्धवटच सोडला जातो. सासरच्या कागदावर बाई ‘जौजे’ म्हणजे बायको, किंवा ‘बेवा’ म्हणजे विधवा, एवढीच असते. शोध माहेरच्या बाजूने घ्यावा लागतो. 1956च्या हिंदू वारसा कायद्यानंतर बाप वारला की वारस फेरफारात मुलींचीही नावं येऊ लागली, तीही सासरच्या नावाने आणि सासरच्या गावासह. लग्नातला मामा, राखीला येणारा भाऊ कोणत्या गावचा होता, एवढं घरातल्या म्हाताऱ्या बायांना आजच विचारून ठेवा. मग त्या गावचे 1956 नंतरचे वारस फेरफार चाळा. बहिणींनी हक्क सोडला असेल तर हक्कसोडीच्या फेरफारातही त्यांची नावं मिळतात.

प्रश्न : आमचं मूळ गाव आता रिठी आहे, तिथे एकही घर नाही. कागद नष्ट झाले असतील का?

उत्तर : वस्ती उठली तरी मौजा उठत नाही. रिठी गावाचा नकाशा आणि सातबारे आजही चालू असतात. फक्त ते शेजारच्या मोठ्या गावाच्या तलाठी साझ्यात, म्हणजे एका तलाठ्याकडच्या गावांच्या गटात असतात. जुन्या कागदावरचा ‘प.ह.नं.’ म्हणजे पटवारी हलका नंबर. तो सांगितला की नेमका साझा सापडतो. त्याच नावाचं खुर्द किंवा बुद्रुक गाव जवळपास असेल तर दोन्हींची दप्तरं बघा.

अर्ज लेखी द्या. त्यात मौजा, तालुका, प.ह.नं., कागदाचं नाव आणि सालांचा पट्टा लिहा, जसं ‘1915 ते 1925’. ‘आमच्या पूर्वजांची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज पडूनच राहतो. पोच घ्यायला विसरू नका. महिनाभरात काही हाललं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, फी 10 रुपये आणि दर पानाला 2 रुपये. उत्तर ‘अभिलेख जीर्ण’ असं आलं तर प्रत्यक्ष पाहणी मागा. जीर्ण म्हणजे दर वेळी नष्ट असं नसतं. पान मोडी लिपीतलं निघालं तर त्याचा सरळ, बिनसावलीचा फोटो काढून मोडी वाचणाऱ्याला दाखवा, आणि नुसती तुमची ओळ नव्हे, अख्खं पान दाखवा. त्याला लिहिणाऱ्याचं वळण बाकीच्या ओळींवरूनच कळतं.