डिस्चार्ज कार्डावरची 'ॲसिडिटी' आणि नाकारलेला क्लेम

प्रश्न : वडिलांना (वय 58) डांबरासारखी काळी शौचाला होऊन घेरी आली. जठरातल्या गाठीतून रक्तस्राव होत होता. ऑपरेशन झालं, बायोप्सीत 'जिस्ट' (जठराच्या भिंतीत वाढणारा एक ट्यूमर) निघालं. पॉलिसी सव्वादोन वर्षांची. 'आजार आधीपासूनचा, माहिती लपवली' म्हणत कंपनीने चार लाखांचा क्लेम फेटाळला. पुरावा एकच, डिस्चार्ज कार्डावरची ओळ : '4 वर्षांपासून ॲसिडिटी'. काय करू? (सातारा)

उत्तर : ही ओळ बहुधा भरतीच्या रात्री घाईत लिहिलेली असते. पण कंपनी पहिल्यांदा तीच वाचते.

आधी सर्जनकडून अर्ध्या पानाचं पत्र घ्या. जिस्ट जठराच्या भिंतीतल्या काहाल पेशींशी संबंधित जनुकीय बदलातून होतं, ॲसिडिटीमुळे नाही. गाठीवरचं अस्तर झिजून रक्त येईपर्यंत ते बरेचदा कळतही नाही, एवढं त्यात हवं. यावर कंपनी म्हणेल, ती ॲसिडिटी गाठीचंच लक्षण होती. म्हणू दे. सध्याच्या नियमांत 'आधीपासूनचा आजार' म्हणजे पॉलिसीआधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यावर त्यांनी सल्ला वा उपचार दिले तो. मेडिकलमधून आणलेली ॲसिडिटीच्या जेलची बाटली यात बसत नाही. आणि हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची.

'लपवली' हा आरोप वेगळा. प्रपोजल फॉर्मची (पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची) प्रत मागवा आणि पोटाच्या विकारांबद्दल नेमकं काय विचारलं होतं ते पाहा. मोटेगावकर विरुद्ध आयुर्विमा महामंडळ (2015) या प्रकरणात मृत्यू हृदयविकाराने झाला होता आणि लपवलेला आजार कंबरेचा होता. दोन्हींचा संबंध नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळणं चूक ठरवलं. तो आयुर्विमा होता, तरी मुद्दा उपयोगी आहे. मात्र पॉलिसीआधी कुणी एंडोस्कोपी सुचवली असेल, तर ती चिठ्ठी माझ्यापासून लपवू नका. मग प्रकरण अवघड होतं.

पॉलिसी सलग 60 महिने चालली की, फसवणूक सोडून, 'माहिती लपवली' म्हणून क्लेम नाकारता येत नाही; ते संरक्षण तुम्हाला अजून लागू नाही, त्यावर वेळ घालवू नका. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) वर्षाच्या आत अर्ज करा. तिथे फी नाही आणि वकीलही चालत नाही (आमचा धंदा बुडतो, पण मार्ग चांगला). तिथेही निकाल विरोधात गेला, तर साताऱ्यातच जिल्हा ग्राहक आयोग आहे. नकारापासून दोन वर्षांची मुदत. आयोगात आधी गेलात, तर लोकपालांचं दार बंद होतं.