स्नॅपशॉटच्या फाइली हाताने पुसू नका

प्रश्न : व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका संगणकात दुसरा आभासी संगणक, म्हणजे 'मशीन', चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोजचं एक मशीन आहे. डिस्क 50 जीबीची दिली होती, पण लॅपटॉपवर आता 130 जीबी जागा अडली आहे. तीन जुने स्नॅपशॉट (मशीनची त्या-त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) आहेत. स्नॅपशॉट्स फोल्डरमधल्या व्हीडीआय फाइली (मशीनच्या डिस्कच्या फाइली) पुसल्या तर चालेल का?

उत्तर : अजिबात नको, मशीन उघडणारच नाही. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क फाइल गोठते आणि त्यापुढचं सगळं लेखन नव्या फाइलीत होतं. पुढच्या स्नॅपशॉटला हीसुद्धा गोठते आणि आणखी एक सुरू होते. तुमचं आजचं काम शेवटच्या फाइलीत आहे, आणि ती आधीच्या सगळ्यांवर टेकलेली आहे. यातली प्रत्येक फाइल 50 जीबीपर्यंत फुगू शकते, म्हणजे मूळ डिस्क धरून 200 जीबीपर्यंत मजल जाऊ शकते.

मशीन पूर्ण शट डाउन करा. नुसतं 'सेव्ह स्टेट' (चालू स्थिती जपून मशीन थांबवणं) करून ठेवू नका. मग स्नॅपशॉट्सच्या यादीतून नको असलेला निवडून 'डिलीट' दाबा. घाबरू नका, चालू स्थितीला धक्का लागत नाही. फक्त तो टप्पा जातो आणि दोन फाइली एकमेकींत मिसळल्या जातात. मिसळताना मात्र तात्पुरती जास्त जागा लागते, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. त्या फोल्डरमधल्या सर्वांत मोठ्या फाइलीएवढी जागा आधी मोकळी करा. एका वेळी एकच स्नॅपशॉट डिलीट करा, चार्जर लावून ठेवा, लॅपटॉप स्लीपमध्ये जाऊ देऊ नका. टक्केवारी बराच वेळ हलली नाही तरी मध्येच बंद करू नका.

आणि मशीन बंद केल्यावर, पण 'डिलीट' दाबण्याआधी, मशीनचं अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या. ती कॉपी म्हणजे बॅकअप. त्याच लॅपटॉपवरचा स्नॅपशॉट बॅकअप ठरत नाही. हार्ड डिस्क गेली की मशीन आणि स्नॅपशॉट दोन्ही जातात.

प्रश्न : मशीन जुन्या स्नॅपशॉटवर परत नेणारं 'रिस्टोअर' बटण दाबताच येत नाही.

उत्तर : मशीन चालू असेल. बंद करून पाहा. रिस्टोअर करताना चालू स्थितीचाही स्नॅपशॉट घ्यायचा का, असं विचारणारा चौकोन येतो. त्यावरची खूण काढली तर मधलं सगळं काम कायमचं जातं. डिस्कबरोबर रॅम, नेटवर्क वगैरे सेटिंगही त्या दिवसाची परत येतात. शेअर्ड फोल्डरमधल्या (मशीन आणि लॅपटॉप दोघांना दिसणाऱ्या) फाइली मात्र लॅपटॉपवर असतात, त्या मागे जात नाहीत. मशीनमध्ये डेटाबेस असेल तर स्नॅपशॉट मशीन बंद असतानाच घेणं आम्हाला योग्य वाटतं.

प्रश्न : ऑफिसच्या डोमेनमधलं (एका सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या संगणकांच्या गटातलं) विंडोज मशीन तीन महिन्यांपूर्वीच्या स्नॅपशॉटवर नेलं. आता डोमेनच्या खात्याने लॉगिन होत नाही, 'ट्रस्ट रिलेशनशिप' तुटल्याचा संदेश येतो.

उत्तर : डोमेनमधल्या प्रत्येक संगणकाचा स्वतःचाही एक पासवर्ड असतो आणि नेहमीच्या सेटिंगनुसार दर 30 दिवसांनी संगणक तो आपणहून बदलतो. तुमचं मशीन जुन्या पासवर्डावर गेलं, सर्व्हरकडे नवा आहे. मशीनच्या लोकल अ‍ॅडमिन खात्याने (डोमेनचं नसलेलं, मशीनवरचंच सर्वाधिकार असलेलं खातं) आत जा, मशीन डोमेनमधून काढून वर्कग्रुपमध्ये न्या, रीस्टार्ट करा आणि पुन्हा डोमेनला जोडा. त्यासाठी डोमेनवर अधिकार असलेलं खातं लागेल. लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड माहीत असल्याची खात्री रिस्टोअर करण्याआधीच करून घ्या.