काठावर उभा राहिलेला माणूस

"मॅडम, जाता जाता एक विचारू? घराला आग लागली आणि आमची मांजर आत राहिली, तर मी आत जायला हवं ना?"

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की आता तो कुठल्या क्षणी येणार हेही मला कळतं. माणूस आलेला असतो झोपेची किंवा घरातल्या कुरबुरींची तक्रार घेऊन. तासभर बोलून उठतो, दाराशी पोचतो आणि मग हे विचारतो. दाराशी विचारलेल्या प्रश्नाकडे मी नेहमीच जास्त लक्ष देते. कधी मांजर असते, कधी कुत्रा; कधी आग, कधी पूर. खरा प्रश्न त्याच्या पोटात असतो: नाही गेले, तर माझं प्रेम खोटं का?

याचं उत्तर मला एका गृहस्थांमुळे नीट सापडलं. ओळख पटू नये म्हणून त्यांच्याबद्दलचे काही तपशील बदलले आहेत.

पन्नाशी ओलांडलेल्या या गृहस्थांना त्यांचा मुलगा माझ्याकडे घेऊन आला. बाबा चार महिने आईशी धड बोलत नाहीत, रात्री उठून अंधारात बसून राहतात, एवढंच त्याने सांगितलं. सात वर्षांचा त्यांचा कुत्रा नदीला पाणी चढलेलं असताना वाहून गेला होता.

"काय झालं त्या दिवशी?" मी विचारलं.

"तो पाण्यात पडला. माझ्या डोळ्यांसमोरून वाहत गेला. मी काठावर उभा राहिलो."

तीन वाक्यं. पुढच्या दोन्ही भेटींत मी वेगवेगळ्या बाजूंनी त्याच दिवसाकडे गेले, पण दर वेळी हीच तीन वाक्यं आली, शब्दही न बदलता. शेवटी एक पुस्ती जोडलेली असायची: "मी भ्याड आहे, मॅडम. एवढंच आहे ते."

भयंकर प्रसंगाच्या आठवणी सहसा अशा येत नाहीत. त्या विस्कटलेल्या असतात. कुणाला वाहून गेलेली चप्पल आठवते, कुणाला दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज. आठवण इतकी गुळगुळीत झाली असेल तर मला शंका येते की ती रोज रात्री घासली जाते आहे आणि घासताना तिचं काहीतरी झिजून गेलं आहे.

त्यांना ती कुणापाशी सांगायची सोयही नव्हती. "कुत्राच तर होता, दुसरा आणा" असं म्हणणारेच भेटले. माणूस गेला की लोक भेटायला येतात, शेजारी बसतात, तोच तोच प्रसंग चार-चार वेळा ऐकून घेतात. त्या ऐकण्यातच दुःख हळूहळू सैल होतं. प्राणी गेला की यातलं काहीच होत नाही. समाज ज्या दुःखाला दुःख म्हणून मान्यताच देत नाही, त्यावर केनेथ डोका या अभ्यासकाने 1989 मध्ये लिहिलं. पाळीव प्राण्याचा मृत्यू हे त्याचं मला सर्वांत जास्त भेटणारं उदाहरण आहे.

तिसऱ्या भेटीच्या शेवटी मी म्हटलं, "पुढच्या वेळी पत्नीलाही आणाल का?"

"तिला कशाला? तिनेच तर धरून ठेवलं मला!"

ते पटकन बोलून गेले आणि गप्प झाले. इतक्या दिवसांत ऐकलेलं हे पहिलं नवं वाक्य होतं. काठावर नुसत्या उभ्या असलेल्या माणसाला धरून ठेवावं का लागेल?

पुढच्या भेटीला दोघं आली. ते पुन्हा सुरू झाले, "मी काठावर उभा राहिलो..." आणि इतका वेळ मान खाली घालून बसलेल्या बाई म्हणाल्या, "अहो, उभे कुठे होतात?"

"म्हणजे?"

"पाण्यात शिरला होतात तुम्ही. मांडीपर्यंत. पाय निसटला, एका गुडघ्यावर आपटलात, तेव्हा मी मागून शर्ट धरला. बटणं तुटली त्याची."

"नाही. असं काही झालं नाही."

"गुडघा बघा तुमचा."

त्यांनी पँट वर केली. गुडघ्याच्या खाली बोटभर लांबीचा, बरा झालेल्या जखमेचा डाग होता. चार महिने रोज आंघोळ करताना समोर असणारा तो डाग ते पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे पाहत राहिले. मी काही बोलले नाही. इतक्या वर्षांच्या कामात गप्प कधी बसायचं हे मला शिकता आलं आहे, आणि त्या दिवशी ते उपयोगी पडलं.

मग बाई अगदी हळू म्हणाल्या, "आणि शेवटपर्यंत शिट्टी वाजवत होतात. तो तुमच्याकडेच बघत होता."

तेव्हा ते रडले. त्यांचा हात बाईंच्या हातावर कधी गेला ते मलाही कळलं नाही.

त्या रात्री मी बराच वेळ या प्रसंगाचा विचार करत होते. ते पत्नीवर का चिडले होते ते मला आता उमगलं. तिने अडवलं हे कारण वरवरचं होतं. त्यांनी स्वतःवर जो खटला चालवला होता, त्यातली ती एकमेव साक्षीदार होती आणि तिची साक्ष त्यांच्या बाजूची होती. तिच्याशी बोललं असतं तर खटला उभाच राहिला नसता. माणसाला अपराधीपणा एक वेळ सोसतो, हतबलता सोसत नाही. "मी भ्याड होतो" म्हटलं की निदान एवढं तरी उरतं की धीट असतो तर तो वाचला असता. "मी गेलो होतो, पण पाणी माझ्यापेक्षा मोठं होतं" म्हटलं की हातात काहीच उरत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांचा माझ्यावर मोठा प्रभाव आहे. कृतीला चूक म्हणा, पण त्या एका कृतीवरून अख्ख्या माणसावर शिक्का मारू नका, असं तो सांगतो. या गृहस्थांच्या बाबतीत तर शिक्का बसला होता तोही न घडलेल्या कृतीवरून.

आता मूळ प्रश्न. प्राण्यासाठी जीव धोक्यात घालावा का? माझं उत्तर स्पष्ट आहे: जिथपर्यंत आपले पाय टिकतात तिथपर्यंत जा, त्यापुढे नाही. आणि ही रेघ शांत असताना आखून ठेवा, कारण ऐन वेळी ती आखता येत नाही. ज्याचा सांभाळ आपण करतो तो जीव संकटात दिसला की विचार सुरू होण्याआधी शरीर पुढे झेपावतं. जे झेपावले ते मूर्ख नसतात, जे थांबले ते निर्दयही नसतात.

वेगाने वाहणारं पाणी जेमतेम 15 सेंटिमीटर खोल असलं तरी धडधाकट माणसाचा तोल घालवू शकतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. मांडीपर्यंत गेलेले ते गृहस्थ परत आले ते त्या शर्टामुळे. कुत्रा पाण्यात पडला तर काठाकाठाने प्रवाहाच्या दिशेने पुढे जा, जिथे काठ उतरता असेल तिथे थांबून त्याला हाका मारा. पुष्कळदा कुत्रा पुढे कुठेतरी आपला आपण बाहेर येतो आणि त्याच्यामागे उडी मारणारा येत नाही. हे वाक्य मी मुद्दाम दोनदा सांगते, समोरचा नको म्हणाला तरी.

आगीत ज्वाळांपेक्षा धूर घात करतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आपण गुदमरतोय हे कळण्याआधीच पाय लुळे पडतात. त्यात घाबरलेली मांजर हाकेला ओ देत नाही, पलंगाखाली किंवा कपाटामागे दडून बसते. म्हणून बाहेर पडा आणि अग्निशमन दलाच्या जवानांना ती नेमकी कुठे दडते ते सांगा. त्यांच्याकडे श्वसनयंत्र असतं, तुमच्याकडे माहिती असते. विजेचा धक्का बसलेल्या प्राण्याला मुख्य स्विच बंद केल्याशिवाय हात लावू नका. रस्त्यावर सुटलेल्या कुत्र्याच्या मागे धावू नका, त्याला तो खेळ वाटतो आणि तो आणखी पळतो. खाली बसून बोलवा, किंवा उलट दिशेला पळा. तो बहुधा तुमच्या मागे येतो.

आणि तुमचं प्रेम आधीच्या तयारीत ओता. पट्टा आणि पिंजरा दाराजवळ असू दे. पिंजऱ्यात बसायची सवय संकट नसताना लावा, मांजरीला तर नक्कीच. घराची एक किल्ली शेजाऱ्याकडे असू दे. 2005 च्या कतरिना चक्रीवादळात कितीतरी लोक प्राण्यांना सोडवेना म्हणून घरातच थांबले, कारण सुटकेच्या होड्यांत आणि निवाऱ्यांत अनेक ठिकाणी प्राण्यांना जागाच नव्हती. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला आणि स्थलांतराच्या योजनांमध्ये पाळीव प्राण्यांचाही विचार करणं आवश्यक ठरलं. प्राण्याला सोडून माणूस हलत नाही, हे सरकारलाही मान्य करावं लागलं. तुमच्या घराच्या योजनेत ते आजच मान्य करून टाका.

ते दोघं आणखी तीनदा आले. शेवटच्या भेटीत मी त्यांना तो दिवस पुन्हा एकदा सांगायला सांगितला. या वेळी त्यांना पाण्याचा रंग आठवला, पट्टा हातातून सुटला तो क्षण आठवला, चिखलाचा वास आठवला. सांगणं अडखळत होतं, मागेपुढे होत होतं.

"मी कमरेपर्यंत आत गेलो..." ते म्हणाले.

"मांडीपर्यंत," बाई म्हणाल्या.

"बरं, मांडीपर्यंत," ते म्हणाले, आणि पुढे सांगू लागले.