आश्वेच्या वाळूवर शिकलेल्याने मालदीवच्या रीफवर सर्फिंगला कधी आणि कसं जावं?

तुम्ही लिहिलंय की गोव्यात आश्वेला दोन सीझन शिकलात, न फुटलेल्या लाटेवर उभं राहून वळता येतं आणि जुलैत आठ दिवस मालदीवच्या थुलुसधू बेटावर जायचंय. बेट छान निवडलंत. महिना मात्र बदला.

जून ते ऑगस्ट दक्षिण हिंदी महासागरात वादळांचा जोर असतो आणि त्यांची स्वेल (दूरवरून येणाऱ्या लाटा) उत्तर माले अटॉलच्या (थुलुसधू ज्या प्रवाळबेटांच्या कड्यात आहे त्याच्या) पूर्व कडेला धडकते. तेव्हाचा पश्चिमेचा वारा त्या लाटांना आपल्या मतलईसारखा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे, लागतो, म्हणून लाट उभी राहून पोकळ फुटते. मुरलेल्यांना तेच हवं असतं. तुम्ही एप्रिल किंवा ऑक्टोबर धरा. तेव्हा लाट बहुधा बेताची आणि वारा हलका असतो.

अंदाज बघताना नुसते फूट मोजू नका, पिरियड (दोन लाटांमधले सेकंद) बघा. खोल पाण्यात ८ सेकंदांची लाट साधारण १०० मीटर लांब असते, १५ सेकंदांची साधारण ३५०. लांबीच्या निम्म्या खोलीवर लाटेला तळ जाणवतो. गोव्यात लांबच लांब उथळ तळावरून येताना तिचा बराच जोर सांडतो. इथे ती खोल पाण्यातून थेट प्रवाळावर चढते, त्यामुळे १५ सेकंदांचे तीन फूट तुमच्या ओळखीचे तीन फूट नव्हेत.

बेटालगतची लाट म्हणजे कोक्स (कोका-कोलाच्या कारखान्यावरून पडलेलं नाव). ती उजवी (किनाऱ्याकडे येताना उजवीकडे धावणारी), वेगवान आणि उथळ पाण्यात फुटणारी आहे. पहिले काही दिवस ती फक्त बघा. चॅनेलपलीकडे (रीफमधल्या खोल वाटेपलीकडे) चिकन्स, लांब डावी. तिथे बोटीनेच जा, कारण चॅनेलमधला प्रवाह पोहणाऱ्याला सहज ओढून नेतो. सुरुवात कानिफिनोल्हू बेटाजवळच्या निंजाज या लाटेवर करा, ती त्यातल्या त्यात मऊ आहे. स्थानिक गाईडचे पैसे वाचवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रीफवर लाट जवळपास त्याच जागी फुटते, म्हणून लाटेकडे जाण्याआधी वीस मिनिटं चॅनेलमध्ये थांबून सेट (एकामागोमाग येणाऱ्या मोठ्या लाटांचे गट) मोजा. किनाऱ्यावरच्या दोन खुणा, समजा माड आणि त्यामागचा टॉवर, एका रेषेत धरून आपली जागा पक्की करा. दर पाच मिनिटांनी ती रेषा तपासा. खुणा सरकल्या की प्रवाह तुम्हाला नेतोय. सेटखाली सापडलात तर किनाऱ्याकडे पळू नका, आडवे चॅनेलकडे वल्हवा.

पडताना सूर मारायचा नाही. हातपाय पसरून पाण्यावर पसरट पडायचं, मग दोन्ही हातांनी डोकं झाकायचं. पाणी कमरेएवढं वाटलं तरी पाय टेकून उभं राहायचं नाही. लाट ओसरते तेव्हा तेच पाणी गुडघ्याखाली जातं, आणि घोटे कापतात ते याच क्षणी. बूट आणि हेल्मेट घाला, लाजू नका.

सॉफ्ट बोर्ड नको. तुमच्या सवयीच्या मापाचा हार्ड बोर्ड घ्या, जमल्यास थोडा लांब दुसराही. दोन नव्या लीश (बोर्ड पायाला बांधायच्या दोऱ्या), फिनचे (बोर्डाखालच्या परांचे) दोन संच आणि ते बसवायची चावी, उष्ण पाण्याचं वॅक्स, लांब बाह्यांचा रॅश गार्ड (पाण्यातला अंगरखा), उन्हासाठी झिंक. फिन काढूनच बोर्ड बॅगेत भरा. विमान कंपनीची बोर्डाच्या लांबीची मर्यादा तिकिटाआधी लेखी घ्या आणि स्पीडबोटवाल्याला बोर्ड आहेत हे आधीच सांगा. सार्वजनिक फेरी स्वस्त पडते, पण शुक्रवारी चालू आहे का ते आधी विचारा. प्रवासाआधीच्या ९६ तासांत इमुगा हा ऑनलाइन फॉर्म भरायचा, तो मोफत आहे. दारू बॅगेत नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

बोर्डाला खोच पडली तर रेझिन बघून लावा. ईपीएस फोमच्या (थर्मोकोलसारख्या फोमच्या) बोर्डाला पॉलिएस्टर रेझिन लागलं की फोम विरघळतो. त्याला इपॉक्सीच हवं. बोर्ड आधी पूर्ण वाळू द्या, नाहीतर आत खारं पाणी कोंडतं.

प्रवाळाची जखम छोटी दिसली तरी त्याच दिवशी स्वच्छ पिण्याच्या पाण्याने धुवा. मऊ टूथब्रशने आतले कण निघेपर्यंत घासा. दुखेल, पण कण राहिले तर ती चिघळते. मग पोव्हिडोन आयोडीन. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधीच घ्या, आणि लाली पसरली किंवा ताप आला तर सर्फ सोडून डॉक्टर गाठा. बेटावर आरोग्य केंद्र आहे, मोठं रुग्णालय मालेत. म्हणून विम्यात सर्फिंग आणि बोटीने हलवण्याचा खर्च दोन्ही धरलेत का, हे पॉलिसीत वाचूनच पैसे भरा.