सही कुणाची चालते, ते आधी बघ

प्रश्न : माझं वय २४. बी.कॉम.ला ५३ टक्के पडले. इचलकरंजीत एका सीएंच्या ऑफिसात नोकरी करते. टॅली, जीएसटी, टीडीएस सगळं येतं, पण पगार हलत नाही. बाबा म्हणतात एमबीए कर, मैत्रीण सीएफए करतेय, साहेब म्हणतात सीएच हो. नोकरी सोडणं परवडणार नाही. काय करू?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तिघांनी तीन नावं सुचवली, तुझं स्वतःचं मत मात्र पत्रात कुठंच नाही. असो.

साहेबांपासून सुरू करू. पदवीच्या जोरावर थेट सीए इंटरमिजिएटला बसायचं तर कॉमर्सवाल्यांना ५५ टक्के लागतात. तुझे दोन कमी. म्हणजे आधी फाउंडेशन : चार पेपर, प्रत्येकात ४० आणि एकूण ५० टक्के. रोज हिशेबात बसणाऱ्या मुलीला ते जड नाही. घोडं अडतं पुढं. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता तीनऐवजी दोन वर्षांची झाली, पण कर्मचारी म्हणून तू त्याच ऑफिसात काढलेली वर्षं तीत धरत नाहीत. नोंदणी झाली की मगच मोजणी, आणि तेवढा काळ पगाराऐवजी स्टायपेंड. साहेबांना हे सगळं माहीत आहे. तुझ्या घरचं गणित माहीत नसावं.

एमबीएचं म्हणशील, तर जमनालाल बजाजसारख्या ठिकाणी नंबर लागत असेल तर कर्ज काढूनही जा. जवळच्या कुठल्याही कॉलेजात दोन वर्षं घालवून नुसतं नावापुढं लावायचं असेल, तर नको. (स्थळं बघताना तो शब्द कामाला येतो, हे मलाही ठाऊक आहे. तो वेगळा विभाग.)

सीएफए म्हणजे गुंतवणूक-विश्लेषणाचा कोर्स. त्याच्या तीन लेव्हल. फी डॉलरात, आणि तिन्ही पास झाल्यावरही गुंतवणुकीशी संबंधित कामाचे ४,००० तास दाखवावे लागतात. जीएसटी रिटर्न त्यात बसत नाहीत. शेअरबाजाराची खरंच ओढ असेल तर आधी एनआयएसएमची (सेबीची शिक्षणसंस्था) रिसर्च अ‍ॅनालिस्टची परीक्षा देऊन बघ. कमी पैशात उत्तर मिळेल.

आता ज्याचं नाव कुणीच घेतलं नाही, ते सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंट : मालाचा उत्पादनखर्च काढणारा. मी कापड गिरणीच्या कॉस्टिंग विभागात नोकरी केली, त्यामुळं माझं झुकतं माप आहे हे धरूनच वाच. तुमच्या ऑफिसात येणारा एखादा यंत्रमागवाला आठव. ताळेबंदात त्याला नफा दिसतो. मीटरमागं काय सुटलं विचारलं, तर सूत, सायझिंग (सुताला खळ देणं), पिकावरची (आडव्या धाग्यांवर मोजलेली) मजुरी, वीजबिल असं बोटांवर मोजतो. मागांचा घसारा, चिंधी, व्यापाऱ्याकडं तीन-तीन महिने अडकलेल्या पैशाचं व्याज, हे त्याच्या बोटांवर येतच नाही. ते शोधून काढणं हे सीएमएचं काम. शिवाय कंपनी कायद्याच्या कलम १४८ खाली ठरावीक उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना कॉस्ट ऑडिट, म्हणजे उत्पादनखर्चाची तपासणी, करावं लागतं. कापड आणि साखर दोन्ही त्या यादीत आहेत, आणि त्या अहवालावर सही कॉस्ट अकाउंटंटचीच चालते. तुझ्या आसपास काय काय पिकतं नि विणलं जातं, ते तूच बघ.

पदवीधरांना सीएमएच्या इंटरमिजिएटला थेट प्रवेश आहे, ५५ टक्क्यांची अट नाही. आठ पेपर, दोन ग्रुप, फायनललाही तितकेच. एकेक ग्रुप दिला तरी चालतो, म्हणून नोकरी सांभाळून जमतं. सोपं मात्र समजू नकोस.

फी भरण्याआधी एक कर. ओळखीच्या एखाद्या कारखानदाराच्या एकाच क्वालिटीच्या कापडाची मीटरमागची किंमत स्वतः काढ. रात्री जागून मजा आली तर नाव नोंदव. कंटाळा आला तर सीएच्या फाउंडेशनचा विचार कर आणि घरच्यांशी पैशाचं बोल. सीएमएच्या डिसेंबरच्या परीक्षेसाठी नोंदणी ३१ जुलैपर्यंत करावी लागते. परीक्षा येते नेमकी जीएसटी रिटर्नच्या ११ ते २० तारखांच्या गर्दीत, तेव्हा रजेचं साहेबांच्या कानावर आत्ताच घालून ठेव.